डिस्ट्रिब्युटर फिरवायच्या आधी: पॉइंटवाल्या जुन्या इंजिनाचं फायरिंग ऑर्डर आणि टायमिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की जुनं चार सिलेंडरचं पॉइंटवालं पेट्रोल इंजिन आहे, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) साफ करायला काढला, काढताना खूण केली नाही, नवे पॉइंट टाकून परत बसवला तर इंजिन कार्बोरेटरमधून भडका मारायला लागलं, मग कुणीतरी कॅपवरच्या वायरी इकडच्या तिकडे केल्या तेव्हा चालू झालं, पण आता ओढत नाही, चढाला ठोकतंय, तर डिस्ट्रिब्युटर कुठल्या बाजूला आणि किती फिरवू.

आत्ता अजिबात फिरवू नका. तुम्ही वर्णन केलंय त्यात निदान तीन गोष्टी एकात एक अडकल्यात आणि फिरवत बसलात तर चौथी तयार होईल. टायमिंग, म्हणजे प्लगला करंट नेमका कधी द्यायचा ते, हे या कामातलं सगळ्यात शेवटचं काम आहे, लोक ते पहिलं करतात कारण क्लॅम्पचा बोल्ट हाताला सहज लागतो, बाकी काही नाही.

आधी पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आत कॅमने उघड-मीट होणारे संपर्क, ते उघडतात त्या क्षणी प्लगला करंट जातो. गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम कधीच उलटा करायचा नाही, कारण गॅप बदलला की टायमिंग आपोआप बदलतं. गॅप मोठा ठेवला तर कॅमचा उंचवटा पॉइंटला लवकर उघडतो, म्हणजे टायमिंग पुढे गेलं, गॅप लहान ठेवला तर उशिरा उघडतो, म्हणजे मागे आलं. तुम्ही नवे पॉइंट टाकलेत आणि गॅप अंदाजाने ठेवला असेल तर चढाला ठोकण्याचं अर्धं कारण तिथेच असू शकतं. उलट जुन्या पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) झिजत जाते तसा गॅप मिटत जातो आणि गाडी हळूहळू मंद होत जाते, मालकाला कळतही नाही कारण रोज थोडं थोडं होतं.

गॅप तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला घ्या, दुसऱ्याच्या इंजिनाचा नको. विलीज जीपच्या जुन्या चार सिलेंडर इंजिनाला 0.020 इंच म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर लागतो, त्याच काळातल्या बऱ्याच ल्युकस डिस्ट्रिब्युटरला 0.014 ते 0.016 इंच. फरक बघा केवढा आहे. गॅप मोजताना टाच कॅमच्या बरोबर टोकावर हवी, उतारावर असताना मोजलेला गॅप खोटा. आणि जुने पॉइंट असतील तर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झालेली असते, फीलर गेजची पट्टी टेकडीवर टेकते आणि खड्डा धरतच नाही, म्हणजे पट्टी बरोबर म्हणते आणि खरा गॅप जास्त असतो. असे पॉइंट घासत बसू नका, बदला. असा खड्डा फार लवकर पडत असेल तर कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा डबा) संशय घ्या. टाचेला आणि कॅमला ग्रीसचं नखभर बोट लावा, जास्त लावलंत तर उडून पॉइंटवर जाईल आणि मग करंट का येत नाही म्हणून दिवसभर शोधत बसाल. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते मोजणारा) असेल तर सोन्याहून पिवळं, कारण तो खड्डे-टेकड्यांना फसत नाही.

गॅप बघताना शाफ्टचं वरचं टोक धरून आडवं हलवून बघा. खडखड हलत असेल तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) गेलाय, आणि मग तुम्ही जो गॅप लावाल तो चालत्या इंजिनात राहणारच नाही, प्रत्येक सिलेंडरला वेगळं टायमिंग मिळेल. अशा डिस्ट्रिब्युटरवर टायमिंग लावणं म्हणजे हलत्या पाटावर तराजू ठेवणं.

आता एक नंबर सिलेंडरचा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर. इथेच निम्मी मंडळी चुकतात, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा जळका धूर बाहेर टाकताना. पुलीवरची खूण दोन्ही वेळेला बरोबर समोर येते, ती बिचारी काय सांगणार. सगळे प्लग काढा, एक नंबरच्या भोकावर अंगठा दाबून ठेवा आणि क्रँक पान्याने चालायच्या दिशेने फिरवा. अंगठा ढकलून हवा फुसकन बाहेर पडायला लागली की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक, मग हळू हळू खूण जुळेपर्यंत या. अंगठ्यावर विश्वास नसेल तर टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हचं झाकण) काढून चार नंबरचे व्हॉल्व्ह बघा. एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला असतो तेव्हा चार नंबरचा एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडायला लागलेला असतो, दोन्ही एकाच वेळी झुलताना दिसतात. मला हीच पद्धत आवडते कारण तिच्यात वाद नाही. सरळ सहा सिलेंडरला हीच जोडी एक आणि सहाची. तीन सिलेंडरला मात्र अशी जोडीच नसते, तिथे अंगठाच बरा.

एक नंबर कुठला हेही विचारून घ्या. बहुतेक इंजिनांना पुलीकडचा पहिला, पण पेजो, रेनोसारख्या फ्रेंच इंजिनांत फ्लायव्हीलकडून मोजतात. आणि गंमत म्हणजे 1-3-4-2 हे फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटायचा क्रम) तुम्ही कुठल्याही टोकाकडून मोजा, तेच येतं, करून बघा कागदावर. म्हणजे ऑर्डर बरोबर लागतं आणि सुरुवात चुकते, नेमका पुढचा गोंधळ होतो.

खुणेवर आंधळा विश्वास ठेवू नका. काही पुल्यांमध्ये बाहेरची कडी आणि आतला भाग यांच्यामध्ये रबर असतं, ते जुनं झालं की बाहेरची कडी घसरते आणि खूण तिच्याबरोबर जाते. माझे स्वतःचे दोन दिवस यात गेलेत, खुणेप्रमाणे टायमिंग अगदी परफेक्ट आणि इंजिन तापून लाल, शेवटी लक्षात आलं की खूणच दहा-बारा अंश सरकलीय. शंका असेल तर एक नंबरच्या भोकात पिस्टन स्टॉप लावा (जुन्या प्लगची पोर्सलीन फोडून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवून घरीच होतो), बाकीचे प्लग काढलेले, बॅटरी सोडलेली, आणि क्रँक हाताने हलकेच एका बाजूला टेकेपर्यंत फिरवा, खूण करा, मग उलट्या बाजूला टेकेपर्यंत, दुसरी खूण. दोन्हीच्या बरोबर मधोमध खरा टीडीसी. सेल्फ मारून हे करायचं नाही, पिस्टनला भोक पडेल. पुलीवर अंशांच्या खुणा नसतील तर मोजून करता येतात, दीडशे मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर एक अंश म्हणजे साधारण 1.3 मिलिमीटर, दहा अंश म्हणजे तेरा.

आता वायरी. कॅप काढा, रोटर (आत फिरणारा, करंट वाटणारा तुकडा) कुठे बघतोय ते बघा. एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला असताना रोटर कॅपवरच्या ज्या टॉवरकडे (वायर खोचायच्या नळीकडे) बघतो तो एक नंबरचा, मग कॅपवर कुणी काहीही लिहिलेलं असो. मग क्रँक थोडा फिरवून रोटर कुठल्या दिशेला फिरतो ते डोळ्यांनी बघा, आणि त्याच दिशेने, तुमच्या इंजिनाच्या ऑर्डरने वायरी लावत जा. सरळ चार सिलेंडरला दोनच ऑर्डर शक्य आहेत, 1-3-4-2 किंवा 1-2-4-3, कारण क्रँकवर एक आणि चार एकत्र वर येतात, दोन आणि तीन एकत्र. विलीज आणि ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या ए, बी मालिकेला 1-3-4-2, फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए ला 1-2-4-3. फोक्सवॅगनच्या हवेने गार होणाऱ्या इंजिनाचं 1-4-3-2, पण ते सरळ नाही, आडवं समोरासमोरचं आहे. पुस्तक नसेल तर टॅपेट कव्हर काढून क्रँक फिरवा आणि एक नंबरचा इनलेट उघडल्यावर पुढे कुणाचा उघडतो ते बघा, इनलेट ज्या क्रमाने उघडतात तेच फायरिंग ऑर्डर. इंजिन स्वतः सांगतंय तर दुसऱ्याला कशाला विचारायचं.

दिशा उलटी धरली तर काय होतं ते मजेशीर आहे. 1-3-4-2 उलट्या दिशेने लावलं की 1-2-4-3 होतं, म्हणजे एक आणि चार बरोबर पेटतात आणि दोन-तीनची अदलाबदल होते. इंजिन दोन सिलेंडरवर कण्हत चालू होतं, मधूनच कार्बोरेटरमधून थुंकतं, आणि सगळे म्हणतात कार्बोरेटर खराब आहे. पेट्रोलचं काम करणारा माणूस मग कार्बोरेटर उघडून बसतो. असं चालत असेल तर एकेक वायर (इन्सुलेटेड पकडीने, हाताने नाही) काढून बघा, आणि काढलेली वायर हवेत लोंबकळत सोडू नका, जुना प्लग लावून ब्लॉकला टेकवा, नाहीतर करंट कॉइल नाहीतर कॅप फोडून वाट काढतो. ज्या दोघांची वायर काढून आवाजात फरक पडत नाही ते दोघं आपसात बदललेले असायची शक्यता मोठी.

तुमच्याकडे मला वाटतं दुसरंच झालंय. डिस्ट्रिब्युटर किंवा त्याचं ड्राइव्ह गिअर अर्धा फेरा उलटं बसलं, त्यामुळे एक नंबर पेटायच्या वेळी करंट चारला जात होता, म्हणून कार्बोरेटरमधून भडका. मग कुणीतरी एक-चार आणि दोन-तीन अशा वायरी बदलल्या आणि इंजिन चालू झालं. हे तसं चुकीचं नाही, करंट योग्य प्लगला योग्य वेळी जातोय, इंजिनाला काही फरक पडत नाही. पण पुढच्या वेळी कुणीतरी पुस्तक बघून वायरी "बरोबर" लावेल आणि गाडी परत बंद, म्हणून मी तरी ते मुळापासून सरळ करतो. डिस्ट्रिब्युटर गिअरसकट बाहेर येत असेल तर बसवताना रोटर थोडा आधीच्या जागी धरून सोडा, कारण दाते तिरके असतात, आत जाताना रोटर वळत जातो, एकदा-दोनदा करून बघितलं की किती वळतो ते हाताला कळतं. ज्यांचा खाली खाचेत बसणारा डॉग आहे आणि खाच मध्यापासून जरा बाजूला आहे तो डिस्ट्रिब्युटर एकाच पद्धतीने बसतो, तिथे चूक असेल तर खालच्या ड्राइव्हमध्ये आहे. विलीजच्या त्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो, म्हणजे ऑइल पंप काढला की टायमिंग गेलं, आणि पंप काढणाऱ्याला हे माहीतच नसतं. काहींमध्ये उलटं, डिस्ट्रिब्युटरचं टोक ऑइल पंपाला फिरवतं, तिथे डिस्ट्रिब्युटर पूर्ण खाली बसला नसेल तर क्लॅम्प आवळून जबरदस्तीने बसवू नका, क्रँक थोडा थोडा फिरवा, तो आपला आपण खाली बसेल.

आणि एक, टायमिंग लाइटने (प्लगच्या करंटबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) हा अर्ध्या फेऱ्याचा गोंधळ पकडता येत नाही. एक आणि चार एकत्रच वर येतात, तेव्हा लाइटचा क्लॅम्प चारच्या वायरीला लावला तरी खूण तिथेच दिसते. लाइट म्हणतो सगळं बरोबर आणि इंजिन चालू होत नाही, असं झालं की समजा.

आता कुठे टायमिंग. सेल्फ न मारता दिव्याने लावायची पद्धत मी अजूनही पहिली वापरतो. क्रँक चालायच्या दिशेनेच फिरवत पुस्तकातल्या अंशावर आणा (विलीजला टीडीसीच्या 5 अंश आधी), पुढे गेलात तर तिथूनच मागे आणू नका, पार पाव फेरा मागे जाऊन परत पुढून या, नाहीतर चेन आणि गिअरचा ढिलेपणा आकड्यात शिरतो. बारा व्होल्टचा छोटा दिवा, एक वायर कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरला जाते त्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेले असताना दिवा बंद, उघडले की पेटतो. क्लॅम्प जरा सैल करून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या फिरण्याच्या दिशेने वळवा म्हणजे दिवा विझेल, मग उलट्या दिशेने अगदी हळू या, दिवा ज्या क्षणी पेटेल तिथे थांबा आणि आवळा. इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून मरते.

दिशा लक्षात ठेवायला सोपं आहे, बॉडी रोटरच्या विरुद्ध फिरवली की टायमिंग पुढे, रोटरच्या बरोबर फिरवली की मागे. आणि डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथला एक अंश म्हणजे क्रँकवर दोन अंश. लोक "जरासं" म्हणून बोटभर फिरवतात ते क्रँकवर केवढं झालं याचा विचार करा.

मग टायमिंग लाइट. इंजिन गरम करून घ्या, डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडलिंग कमी ठेवा म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं बाहेर पडायच्या आत मोजता येईल. एक नंबरच्या वायरीला लाइटचा क्लॅम्प, त्यावर बाण असेल तर तो प्लगकडे. एक सांगतो, लाइटच्या उजेडात फिरणारी पुली आणि कधी कधी पंखासुद्धा थांबल्यासारखा दिसतो. तो थांबलेला नसतो. बाही, वायर, हात लांब.

खूण एका जागी स्थिर दिसली तर उत्तम, थरथरत असेल तर बुश किंवा चेन ढिली. मग रेस करून बघा, खूण सरळ पुढे जायला हवी आणि सोडल्यावर परत यायला हवी. गेलीच नाही तर आतली वजनं जुन्या तेलात चिकटलीत. रोटर हाताने त्याच्या दिशेला वळवून सोडा, टचकन परत आला पाहिजे. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून बघा, आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ लावून धरल्यावर तशीच राहिली पाहिजे, परत आली तर पडदा फाटलाय.

हे पुढे-मागे जाणं का लागतं ते समजलं की कामात गोडी येते. मिश्रण पेटल्यावर जळायला वेळ लागतो, साधारण दोन मिलिसेकंद धरा, आणि दाब सगळ्यात जास्त हवा तो पिस्टन वरून खाली यायला लागल्यावर, टीडीसीच्या बारा-पंधरा अंश पुढे. 900 फेऱ्यांना दोन मिलिसेकंदात क्रँक जेमतेम 11 अंश फिरतो, 3000 ला 36. म्हणून वेग वाढला की करंट आधी द्यावा लागतो. वेग वाढला की आत घुसळणही वाढते आणि जळणं थोडं लवकर होतं, त्यामुळे हिशेब अगदी सरळ रेषेत चालत नाही, पण कल्पना यायला पुरे.

शेवटी रस्ता. पुस्तकातला आकडा इंजिन नवं होतं तेव्हाच्या पेट्रोलसाठी आहे, आज तुमच्या टाकीत वेगळं पेट्रोल आहे आणि इंजिनात कार्बन साठलाय, म्हणून आकडा ही सुरुवात. इंजिन पूर्ण गरम, टॉप गिअर, चाळीस-पन्नासचा वेग, पाय पूर्ण दाबा. अगदी हलका ठोका येऊन लगेच गेला तर जवळपास आहात, तिथून एक-दोन अंश मागे घ्या आणि सोडून द्या. ठोका चालूच राहिला तर अजून मागे, तो आवाज गोड मानू नका, पिस्टन आणि रिंगा खातो. फार मागे गेलात तर पिकअप मेलेला, रेडिएटर उकळतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड रात्री लाल दिसतो. गरम इंजिनावर सेल्फ अडखळत फिरला, मधूनच उलटा धक्का बसला, तर टायमिंग पुढे आहे. हँडल मारून चालू करत असाल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलभोवती गुंडाळू नका, उलट फिरलं तर अंगठा मोडतो, आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये.

बोल्ट आवळताना बॉडी हमखास थोडी सरकते, म्हणून आवळून झाल्यावर लाइट परत एकदा दाखवा. नव्या पॉइंटची टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसते आणि गॅप मिटतो, तेव्हा गॅप परत बघा आणि त्याच्यामागोमाग टायमिंग. तोवर डिस्ट्रिब्युटर आणि ब्लॉक दोन्हीवर मिळून छिन्नीने एक रेघ मारून ठेवा, जी तुम्ही या वेळी काढायच्या आधी मारायला हवी होती.